कडं कुठे सुटलं आहे?

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी हाती येणाऱ्या हाडांच्या संचातून पेल्व्हिसची तीन हाडं काढून पाहा: मागे मधोमध सॅक्रम आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठं पसरट हाड. जुळवून टेबलावर ठेवलीत, की हात काढताच तिन्ही वेगळी होतात. त्यांना एकमेकांत अडकवून धरील अशी खोबण कुठेच नाही. जिवंत माणसात धडाचा सगळा भार पायांकडे पोचवणारं हे कडं सांभाळतात ते अस्थिबंध. त्यातही सॅक्रमच्या मागचे जाड पट्टे. अस्थिर पेल्व्हिसचा विचार इथून सुरू करावा असा माझा आग्रह आहे, कारण एक्स-रेवर हाडं दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत, आणि शस्त्रक्रियेत आपल्याला बहुतेक वेळा त्यांचंच काम धातूकडून करून घ्यायचं असतं.

 विषय अवघड वाटतो, पण फार जुना नाही. फ्रेंच शल्यविशारद मालगेन्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुढून-मागून एकदम तुटलेल्या पेल्व्हिसचं वर्णन केलं. त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षं उपचार म्हणजे कापडी झोळी, पायाला वजन आणि कित्येक आठवडे बिछाना. वर सरकलेली बाजू पुष्कळदा तशीच जुळून यायची. पाय आखूड राहायचा, बसलं की एकाच बाजूवर भार यायचा, कंबरदुखी जन्माची सोबतीण व्हायची. टोरंटोच्या मार्व्हिन टाइल यांनी १९८८ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक आहे: पेल्व्हिसच्या कड्याचे अस्थिभंग शस्त्रक्रियेने बसवावेत का? आज आपण कोणत्या पद्धतीने बसवावेत यावर वाद घालतो, तो या प्रश्नानंतरचा टप्पा आहे.

टाइल यांच्या वर्गीकरणातले ‘बी’ आणि ‘सी’ हे दोन गट नीट समजले, तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. ‘बी’मध्ये कडं पुस्तकासारखं उघडतं किंवा आत मिटतं, पण मागचे मुख्य पट्टे शाबूत असतात, त्यामुळे बाजू वर सरकत नाही. ‘सी’मध्ये तेही गेलेले असतात. पुढचा जघनसांधा अडीच सेंटिमीटरहून जास्त फाकला असेल, तर सॅक्रमच्या पुढचे अस्थिबंधही तुटले असावेत, असं मानायची जुनी रीत आहे. ती उपयोगी आहे, पण अपघाताच्या क्षणी कडं किती उघडलं होतं हे एक्स-रे सांगत नाही. रुग्ण आपल्यासमोर येईपर्यंत ते थोडंफार मिटलेलं असतं. बाइंडर (कड्याभोवती आवळायचा पट्टा) बांधून काढलेल्या एक्स-रेने तर हमखास फसगत होते. (बाइंडर खुब्यांवर बांधायचा असतो; तो पोटावर बांधण्याची चूक अजूनही सर्रास दिसते.)

एक्स्टर्नल फिक्सेटरने, म्हणजे हाडात पिना रोवून शरीराबाहेरच्या दांड्याने कडं धरण्याच्या साधनाने, अनेकांचे जीव वाचवले आहेत. रक्तस्राव चालू असताना, पोट उघडावं लागणार असताना, कमी वेळात कडं मिटवायला तो फार उपयोगी पडतो. पण तो पुढून धरतो. मागची उभी अस्थिरता त्याच्या आवाक्यात येत नाही. ‘सी’ गटात केवळ त्यावर विसंबलात, तर बाजू हळूहळू वर सरकते. पिनांच्या जागी होणारा संसर्ग टाळण्यासाठी तोच दांडा त्वचेखाली बसवण्याची पद्धत आली. तिने ड्रेसिंगचा त्रास वाचला, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आणि क्वचित फेमोरल मज्जातंतूला इजा हे नवे प्रश्न आले.

खरा कस लागतो तो मागच्या बाजूला. इलियममधून (बाजूच्या हाडाच्या वरच्या पसरट भागातून) सॅक्रममध्ये जाणारा इलिओसॅक्रल स्क्रू एका सेंटिमीटरच्या छेदातून जातो, रक्त जवळजवळ जात नाही, म्हणून तो सोपा वाटतो. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्याकडे बघत गाइड वायर पुढे सरकवताना काय काय चुकवायचं असतं ते पाहा: मागे मज्जारज्जूची नळी, खाली पहिल्या सॅक्रल मज्जातंतूचं छिद्र, आणि पुढे, सॅक्रमच्या उतरत्या खांद्यावरून वाहणारं पाचव्या कटिमज्जातंतूचं मूळ. इनलेट चित्र पुढची-मागची हद्द सांगतं, आउटलेट वरची-खालची, आणि बाजूचं चित्र त्या उताराची. तिन्हींचं एकमत झाल्याशिवाय वायर पुढे न्यायची नाही. बऱ्याच माणसांत सॅक्रमची वरची घडणच वेगळी असते आणि पहिल्या सॅक्रल मणक्यातली वाट अरुंद व तिरपी होते. ते सीटी स्कॅनवर आधीच पाहावं लागतं. शिवाय कडं जागेवर आणलेलं नसेल, तर ही वाट आणखी आकसते. स्क्रू टाकण्याआधी जुळवणी, हा क्रम मोडणाऱ्याला हे तंत्र माफ करत नाही.

उभ्या फुटलेल्या सॅक्रममध्ये मात्र स्क्रू अपुरा पडू शकतो. तिथे भंग छिद्रांतून गेला असेल आणि अर्धवट आट्यांच्या स्क्रूने तो आवळला, तर मज्जातंतू चिरडण्याची भीती असते; म्हणून पूर्ण आट्यांचा, शक्यतो पलीकडच्या इलियमपर्यंत जाणारा स्क्रू बरा. कटिमणक्यापासून इलियमपर्यंत दांडा टाकून त्याला आडव्या स्क्रूची जोड दिली, तर सगळ्यांत भक्कम बांधणी मिळते आणि रुग्णाला लवकर उभं करता येतं. त्याची किंमत म्हणजे मोठी जखम, तीही आधीच चेचलेल्या कातडीतून, आणि पाठीवर झोपताना टोचणारे स्क्रू. सॅक्रोइलियाक सांध्यावर पुढून प्लेट लावली, तर सांधा डोळ्यांना दिसतो, पण सॅक्रमच्या बाजूला मज्जातंतू इतके जवळ असतात की तिथे स्क्रूला फारशी जागाच उरत नाही.

मग यांतली सरस पद्धत कोणती? अशा तुलना वाचताना मी आधी पाहतो की दोन्ही गटांतले भंग एकाच जातीचे होते का. स्क्रू कमी सरकलेल्यांना आणि दांडे जास्त मोडलेल्यांना मिळाले असतील, तर निकाल उपकरणांचा नसून दुखापतींचा असतो. अपयश कशाला म्हटलं आहे, हेही बघतो. जघनसांध्यावर लावलेली प्लेट काही महिन्यांनी, वर्षांनी तुटलेली दिसते, कारण त्या सांध्यात थोडी हालचाल असतेच. रुग्णाला पुष्कळदा पत्ताही नसतो. तिला अपयश धरणारा आणि न धरणारा असे दोन अभ्यास शेजारी ठेवले, तर आकडे जुळणारच नाहीत.

एक्स-रेवरच्या मिलिमीटरांचं आणि रुग्णाच्या सुखाचं गणित नेहमी एक येत नाही. मूत्रमार्गाची इजा, बधिर पाय, लैंगिक अडचणी यांचा वाटा मोठा असतो, आणि शेवटच्या विषयावर आपल्या ओपीडीत विचारलंच जात नाही. पेल्व्हिसच्या दुखापतीनंतर रुग्ण किती सावरला हे मोजणाऱ्या १९८९ सालच्या मजीद गुणपद्धतीत शंभरपैकी तीस गुण वेदनेला आहेत, बसण्याला दहा, लैंगिक संबंधांना चार. त्यातला बसण्याचा प्रश्न मांडी घालणं किंवा उकिडवं बसणं वेगळं विचारत नाही. ज्या बाईला भाजी निवडायला जमिनीवर बसायचं आहे, ज्या शेतकऱ्याला वाफ्यात उकिडवं बसून खुरपायचं आहे, त्यांच्या बाबतीत कोणती बांधणी अधिक टिकते, हे आपल्याकडच्याच वॉर्डांत, शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी रुग्णाला परत बोलावून, जमिनीवर बसायला सांगून तपासावं लागेल.