लक्ष्मीचे नामांतर

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे नांदतात. या घरांची परंपरागत प्रसाधने म्हणजे हळद, डाळीचे पीठ, दिवाळीचे उटणे आणि कपाळीचे कुंकू. महागड्या प्रसाधनांची हौस मात्र या नगरीला नवी नव्हे. मोगल काळी इराणचे गुलाबपाणी याच बंदरात उतरे. ते जाई अर्थातच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात.

पुढे व्यापार मुंबईकडे सरकला आणि युरोपच्या पावडरी व लिपस्टिका आल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली, तेव्हा ही आयात खुपू लागली. चैन सोडा, असा उपदेश करणे सोपे होते. तो कितपत मानला गेला असता, हा प्रश्न निराळा. 1952 साली टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने ‘लॅक्मे’ काढली. नाव देलीबच्या 1883 सालच्या फ्रेंच संगीतिकेचे. तिची नायिका ब्राह्मण पुजाऱ्याची कन्या, आणि लॅक्मे म्हणजे लक्ष्मीच! आपलीच लक्ष्मी पॅरिसला जाऊन, नाव बदलून माघारी आली. विलायती नावावाचून त्या काळच्या गिऱ्हाइकाने देशी डबीवर विश्वास ठेवला असता, असे वाटत नाही.

खरी अडचण निराळीच होती. ओठ रंगविणारी स्त्री म्हणजे नाटक-सिनेमातली, असा मध्यमवर्गाचा समज. 1960 च्या दशकात स्विस वंशाच्या सिमोन टाटा यांनी कंपनीची धुरा घेतली, ती या संकोचाच्या काळात. लिंबायतमध्ये आजही लग्नात नवरीला आधी हळद लागते, लिपस्टिक त्यानंतर.