हायकोर्टाची पायरी आणि रखमाबाईंचा नकार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आज आपण ती पायरी चढणार आहोत, पण बसल्या जागी. एसटीचं तिकीट नको की घरच्यांची परवानगी नको. भाजी निवडता निवडता माझ्यासोबत मुंबईत चला.

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच ओव्हल मैदान लागतं. मैदानाच्या पूर्वेला दगडी इमारतींची रांग दिसते. उंच घड्याळाचा मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. त्याच रांगेत मुंबई उच्च न्यायालय आहे. न्यायालय सुरू झालं १८६२ साली, ही इमारत पुरी झाली १८७८ साली. माथ्यावर दोन पुतळे आहेत, एक न्यायाचा आणि एक दयेचा.

याच न्यायालयात एका सुतार समाजातल्या मुलीचा खटला चालला. तिचं नाव रखमाबाई. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. पण ती नांदायला गेली नाही. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून तिने वाचन वाढवलं. वडिलांची मिळकत आईने तिच्याच नावे केली होती, हेही लक्षात ठेवा.

१८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं : कळत नव्हतं त्या वयात लावलेलं लग्न मला मान्य नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. असा दावा ही मुळात इंग्रजी कायद्यातली रीत आहे, हिंदू शास्त्रातली नव्हे, असं त्यांनी सांगितलं. संस्कृती बुडाली म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हवं. पण अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांची रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन.

शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी हक्क सोडला.

आता हुतात्मा चौकातून बोरीबंदरकडे चला. आझाद मैदानाच्या बाजूला कामा हॉस्पिटल आहे. १८८६ साली हे बायकामुलांसाठी सुरू झालं. इथल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी रखमाबाईंना पाठबळ दिलं. १८८९ साली त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट इथे बायकांवर उपचार करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. १९५५ साली त्या वारल्या.

कायदाही हळूहळू हलला. १८९१ मध्ये संमतीवय दहावरून बारा झालं, तेही मोठ्या विरोधानंतर. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. आज ते अठरा आहे. तरी ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचे हात पिवळे करण्याची घाई आपण पाहतोच.

आणि नांदायला येण्याची नोटीस? ती आजही येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली असा दावा लावता येतो. फरक एवढा, की या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ सालीच काढली गेली. म्हणून नोटीस आली तर घाबरू नका, पण ती फाडून चुलीतही घालू नका. तारखेला हजर राहिलं नाही, तर एकतर्फी निकाल लागू शकतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबर लिहा : कायद्याच्या मदतीसाठी १५१००, बालविवाह थांबवण्यासाठी १०९८. रखमाबाईंकडे शिक्षण होतं, मिळकत होती आणि आईची साथ होती. आपल्या गावातल्या पोरीकडे यातलं काहीच नसेल, तर तिच्यासोबत पायरी चढायला गटातल्या दोघीजणी तरी जायला हव्यात.