पाऊस, बर्फ आणि अरण्य

बर्फाच्छादित डोंगरांवर पाऊस कोसळला, की खालच्या नद्यांना महापूर येतो. पावसाच्या उबेनेच बर्फ वितळते, असे कोणीही म्हणेल. परंतु मापनाने निराळे उत्तर दिले आहे.

या मापनाचा पाया घातला तो एका भाषाशिक्षकाने. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकविणारे जेम्स चर्च विसाव्या शतकाच्या आरंभी माउंट रोझ पर्वतावर चढत. बर्फात पोकळ नळी खुपसून ती भरल्यावर तोलली, की थरात पाणी किती साठले आहे ते समजे. नुसत्या खोलीवरून ते समजत नाही.

पुढे १९४० च्या दशकात तेथील लष्करी अभियंते व हवामान खाते यांनी पश्चिमेकडील पर्वतांत तीन हिमप्रयोगशाळा स्थापिल्या. त्यांचे निष्कर्ष १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हिशेब असा: १० अंश सेल्सिअस तापमानाचा १०० मिलिमीटर पाऊस जेमतेम १२ मिलिमीटर पाण्याइतके बर्फ वितळवितो. उलट दमट वाऱ्यातील एक ग्रॅम बाष्प बर्फावर द्रवले, तर सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळते. खरी करामत वाऱ्याची!

त्या वाऱ्याला अडवितात वृक्ष. दाट अरण्यात पुष्कळ हिम फांद्यांवरच अडते, आणि भूमीवरील थराला वारा फारसा लागत नाही. वृक्षतोड झालेल्या उतारावर मात्र हिम अधिक साठते, आणि पावसाळी वाऱ्यात अधिक वेगाने वितळते. म्हणूनच शिखरावर कुऱ्हाड चालविणाऱ्याने पायथ्याच्या गावांचाही हिशेब मांडावयास हवा.