लागलं तर?

मराठी माणूस प्रवासाला निघाला की दोन गोष्टी बरोबर घेतो. एक सामान आणि दुसरी 'लागलं तर?' ही शंका. खरं म्हणजे आधी शंका निघते आणि तिच्या मागोमाग सामान येतं. सुईदोरा कशाला? बटण तुटलं तर! छत्री कशाला? मे महिन्यात पाऊस आला तर! रेल्वेच्या प्रवासात हे खपून जातं, कारण ओझं हमालाच्या डोक्यावर असतं आणि आपल्या डोक्यात नुसती शंका. पण हीच शंका मोटारसायकलवर बसून हिमालयात निघाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आमचा मुक्काम उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमध्ये. इथे दुचाकीवर ओझं लादणं हा गुन्हा नसून व्यवसाय आहे. गजानन मार्केटच्या बाजूने कापडाचा एक डोंगर आपल्या दिशेने सरकत येतो. अगदी अंगावर आल्यावर कळतं की त्याच्याखाली स्कूटर आहे आणि स्कूटरवर माणूस आहे. फर्निचर बाजारातून निघालेला सोफा आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी मोपेडवर बसलेला पाहिला आहे; म्हणजे खरं तर सोफ्यावर माणसाने बसायचं असतं. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 128वं कलम सांगतं की दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसवावा. त्या कलमात सोफ्याचा उल्लेख नाही, याची आमच्या बाजाराने पुरेपूर नोंद घेतलेली आहे.

अशा वातावरणात वाढलेले आमचे शेजारचे चिरंजीव मोटारसायकलने लडाखला निघाले, तेव्हा गल्लीला काही वावगं वाटलं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, मागे एक लांबलचक पिशवी, पुढे टाकीवर आणखी एक. तंबू, स्टोव्ह, दोन जादा टायर, पेट्रोलचे डबे, क्लचप्लेटा, केबली, ट्यूबा. शिवाय आईने दिलेलं भडंग, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि तीन लिटरचा प्रेशर कुकर. कुकर का, तर उंचावर हवेचा दाब कमी, पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं आणि भात कच्चा राहतो. शास्त्रीयदृष्ट्या हे बिनचूक होतं. पंचाईत नेमकी हीच असते. यादीतली प्रत्येक वस्तू बिनचूक असते, चुकते ती बेरीज.

बेरीज करायला गाडी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या दारात नेली. सगळं सामान सोडून काट्यावर चढवलं, तेव्हा अडुसष्ट किलो भरलं.

"पण गाडीला चालतं, काका," चिरंजीव म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय."

पुस्तकात लिहिलेलं असतं, पण त्या आकड्यात चालकही धरलेला असतो. चिरंजीवांनी स्वतःला सामानात धरलंच नव्हतं! आणि वजन किती याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. प्रवासी माणूस ओझं बांधतो ते नेहमी उंच आणि मागच्या चाकाच्याही मागे. त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं, हँडल ऐकेनासं होतं, आणि मागची स्प्रिंग आधीच तळाला टेकल्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला आणि कॅरियरच्या जोडांना बसतो. डांबरी रस्ता हे सगळं पोटात घालतो. गोटे, वाळू आणि बर्फाच्या पाण्याचे नाले पोटात घालत नाहीत. तिथे गाडी आडवी होणारच. प्रश्न एवढाच, की ती एकट्याने उभी करता येते का?

आता आम्हाला इतिहासाची खोड. समोर चार माणसं उभी आहेत आणि पळून जाण्याइतकी जागा नाही, असं दिसलं की आमची गाडी सनावळीवर येते. आम्ही सांगितलं, बाबा रे, तू ज्या जमिनीवर उभा आहेस तिथे दुसऱ्या महायुद्धात कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प होता. त्या काळच्या ब्रिटिश फौजेत बीएसए एम-20 आणि नॉर्टन 16एच या गाड्यांवरून निरोपे धावत. त्यांचं मुख्य सामान काय, तर निरोपाची पिशवी. रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण 1932 साली लंडनहून डग्लस गाडीवर निघाला आणि हिंदुस्थानातून पुढे चीन-जपानपर्यंत गेला. त्याचं मोठं ओझं म्हणजे कॅमेरा आणि फिल्म, कारण त्याला तेच काम करायचं होतं. उलट 1952 साली अर्जेंटिनाहून दोन मित्र एका जुन्या 500 सीसी नॉर्टनवर सामानसुमान लादून निघाले. गाडीचं नाव होतं 'बलशाली'. हे बळ चिलीमध्ये संपलं आणि पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने झाला. त्यातल्या एकाचं नाव चे गव्हेरा. म्हणजे क्रांतीचं अडलं नाही, पण गाडीचं अडलं.

ही झाली गरिबाघरची गोष्ट, असं कोणी म्हणेल. तर 2004 साली यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून न्यूयॉर्कला पूर्वेच्या वाटेने निघाले. बीएमडब्ल्यूच्या अडीचशे किलोच्या गाड्या, वर गच्च पेट्या. मंगोलियाच्या चिखलात त्या रुतू लागल्या, आडव्या होऊ लागल्या. त्यांच्या कॅमेरामनची गाडी मोडली तेव्हा त्याच्यासाठी तिथेच एक लाल रंगाची रशियन गाडी घेतली. स्वस्त, साधी आणि हलकी. त्या चिखलातून ती लाल गाडी बीएमडब्ल्यूंपेक्षा सुखाने गेली.

चिरंजीव हसले, पण पेटी उघडेनात. तेव्हा आम्ही नाइलाजाने घरचं उदाहरण काढलं. शिवाजी महाराजांची फौज मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याची यादी होत असे आणि परत आल्यावर झडती, असं सभासदाने लिहून ठेवलं आहे. फौजेबरोबर बायका, कलावंतिणी न्यायला मनाई. म्हणून ती फौज आज इथे तर उद्या भलतीकडेच दिसायची. पुढे 1760च्या मार्चमध्ये परतूडहून उत्तरेकडे निघालेल्या भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर मात्र कबिले होते, यात्रेकरू होते, व्यापारी होते, जड तोफा होत्या. हे सगळं मागे ठेवा आणि हलके होऊन लढा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचं बखरी सांगतात. तो मानला गेला नाही. पानिपतावर दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडी झाली, तेव्हा लढणाऱ्यांच्या जोडीला हजारो न लढणारी तोंडं खायला होती. 14 जानेवारी 1761ला फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. पराभवाची कारणं पुष्कळ, पण 'बाजारबुणगे' हा शब्द तेव्हापासून आपल्याला बोचतो तो उगीच नाही. आणि बुणग्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांनाही वाटेत कोणीतरी 'असू दे, लागलं तर' असंच म्हटलं असेल.

पानिपतानेही पेटी उघडली नाही. ती उघडली समोरच्या बॅरेकीतल्या दादांनी. दादा सिंधी, ऐंशीच्या पुढचे. काठी टेकत आले, गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "ये सब तू उठायेगा, या गाडी?"

"गाडी, दादा."

"और गाडी गिरेगी, तो?"

चिरंजीव गप्प. मग दादांनी त्यांच्या सिंधी-हिंदी-मराठीत सांगितलं ते एवढंच. 1948 साली कराचीहून बोटीने निघताना त्यांच्या आईने जमिनीवर रल्ली अंथरली. रल्ली म्हणजे ठिगळांची सिंधी गोधडी. चार कोपऱ्यांत मावेल ते घ्यायचं, गाठ मारायची आणि कडेवर मूल असताना तिला स्वतःला ते गाठोडं उचलता आलं पाहिजे. उचललं, जड झालं. गाठ सोडली, काढलं, पुन्हा बांधलं. असं तीनदा. चांदीची भांडी राहिली. लाटणं आलं. त्याच लाटण्यावर इथल्या बॅरेकीत पापड लाटून चार मुलं मोठी झाली.

"तिला काय लागणार ते कसं कळलं?" चिरंजीवांनी विचारलं.

"कळलं नाही," दादा म्हणाले. "हात जेवढा बोलला, तेवढं घेतलं."

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. रद्दीवाल्यानेसुद्धा काट्यावरचं माप उतरवून ठेवलं. मग चिरंजीवांनी रस्त्यातच चादर अंथरली. एक टायर गेला, मग दुसरा गेला. कपडे निम्म्यावर आले. जड हत्यारं पेटीच्या तळाला, गाडीच्या मध्याकडे आली. कुकर आईच्या डोळ्यांदेखत घरी परतला. लाडू राहिले, कारण ते वाटेत कमी होत जातात. काटा सत्तावीस किलोवर थांबला. शेवटी चिरंजीवांनी गाडी मुद्दाम आडवी केली आणि एकट्याने उभी केली. दादांनी मान हलवली आणि ते घरी गेले.

चिरंजीव महिन्याने सुखरूप परतले. बरोबरचा कल्याणचा मित्र पुरा भार घेऊन गेला होता. पांगच्या अलीकडे त्याच्या कॅरियरचा जोड तुटला आणि निम्मं सामान एका ट्रकवाल्याच्या हवाली करावं लागलं. त्यातही एक कुकर होता, हे सांगायला नकोच.

लष्कर गेलं, निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949ला राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. तरी तोंडी राहिला तो कॅम्पच. तात्पुरत्या मुक्कामाचा हा शब्द पाऊणशे वर्षं उलटली तरी पत्त्यावर आहे. एका गोधडीत संसार बांधून आलेल्या लोकांच्या या गावात आज मोपेडवरून सोफे जातात, आणि आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. बाजारात माल पोचवायचा असतो, माणूस मागून आला तरी चालतं. लडाखला मात्र माणसाने पोचायचं असतं.