कनेक्टिंग रॉड बेअरिंगची निवड
मोटारसायकलचे एंजिन पुन्हा बांधताना क्रँकपिन व रॉडचे मोठे टोक यांमधील बेअरिंगची योग्य जाडी ठरविण्याची प्रक्रिया. अशा बेअरिंगांसाठीच्या मऊ मिश्रधातूचा उगम आयझॅक बॅबिट यांच्या १८३९ च्या पेटंटात आहे (पहा : बॅबिट धातू). होंडा सीबी ७५० सारख्या बहुसिलिंडर एंजिनांत दोन अर्धवर्तुळाकार शेल असतात. रॉडवरील आकडा व क्रँकवरील अक्षर निर्मात्याच्या तक्त्यात जुळवून शेलचा रंग ठरतो. त्या रंगाचा ठिपका शेलच्या कडेवर असतो. रंगागणिक जाडीत मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचाच फरक पडतो. पिन झिजलेली असल्यास मात्र या खुणा निरुपयोगी ठरतात. मायक्रोमीटरने व्यास मोजून, प्लॅस्टिगेजने (दाबून चपटा होणाऱ्या मऊ धाग्याने) फट तपासणे अनिवार्य होय. फट जास्त राहिल्यास तेलाचा दाब घटतो, कमी राहिल्यास तेलाचा थर तुटून बेअरिंग जाम होते (पहा : वंगण). एकसिलिंडर एंजिनांत बहुधा रोलर बेअरिंग असते. ते बदलण्यासाठी क्रँक प्रेसवर सोडवावा लागतो.