शल्य आणि शल्यचिकित्सक : एका शब्दाचा व एका प्रथेचा इतिहास

‘शल्य’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बाणाचे टोक, शरीरात रुतलेली परकी वस्तू, असा आहे. ती काढण्याची विद्या ती शल्यविद्या. परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्याचे लक्षण सांगताना शरीराबरोबर मनाचाही निर्देश आला आहे. उभयतांस पीडा देते ते शल्य. मराठीने हा मानसिक अर्थ जिवंत ठेवला असून ‘मनातले शल्य’ हा प्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या तरुणांच्या मनातील शल्याचा विचार मात्र फार उशिरा झाला. तो का, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

मराठवाड्यात आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ १९५६ मध्ये औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाला. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ चे व लातूरचे २००२ चे. संस्था नव्या, परंतु शिक्षणाची रीत जुनी आहे. येथे शस्त्रक्रियेचा पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षे ‘निवासी’ म्हणून ओळखला जातो. या निवासी पद्धतीचा पाया अमेरिकेत बाल्टिमोर येथे, १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, विल्यम हॉल्स्टेड यांनी घातला. शिष्याने रुग्णालयातच राहावे व अहोरात्र हजर असावे, ही तिची अपेक्षा. स्वतः हॉल्स्टेड कोकेनचे प्रयोग आपल्याच शरीरावर करताना त्या व्यसनात सापडले व पुढे मॉर्फिनच्या आहारी गेले. त्यांचे सहकारी ऑस्लर यांची टिपणे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मॉर्फिनची ही हकीकत जगास कळली. ज्या परंपरेत दुःख बोलून दाखविणे हा दुबळेपणा ठरला, तिचा प्रवर्तकच आपले दुःख लपवीत होता, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

आपल्याकडील नियमांची भाषाही तपासून पाहावी. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निर्देशांत निवासी डॉक्टरांचे काम साधारणतः सलग १२ तासांहून व आठवड्यास ४८ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले होते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमावलीत मात्र ‘वाजवी’ तास व ‘वाजवी’ विश्रांती अशी शब्दयोजना आली. अंकाची जागा विशेषणाने घेतली. अंक मोडला तर दाखविता येतो. विशेषण मोडल्याचे सिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये पुन्हा अंक सुचविला, तो आठवड्यास कमाल ७४ तासांचा.

याच कृतिगटाच्या पाहणीत मनोविकार असल्याचे स्वतः नोंदविणारे पदव्युत्तर विद्यार्थी १५.३ टक्के, तर आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणारे ३१.२ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर हे, माझ्या मते, पुष्कळ अंशी नाव न मिळालेल्या दुःखाचे अंतर आहे. ‘नैराश्य’ हा शब्द ग्रांथिक. बोलण्यात येतात ते ‘टेन्शन आहे’, ‘करमत नाही’, ‘झोप झाली नाही’ असे प्रयोग. निद्रानाश, थकवा व कशातच गोडी न वाटणे ही नैराश्याचीही लक्षणे आहेत आणि सततच्या रात्रपाळीचीही. त्यामुळे विकार पाळीच्या आड दडतो. वरिष्ठ त्यास आळस समजतात. विद्यार्थी स्वतःचा नाकर्तेपणा समजतो.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्या वेळी औषधे, खाटा व मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली, आणि ती योग्यच होती. परंतु अशा वॉर्डांतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या निवासींच्या मनाची विचारपूस हाही त्याच चर्चेचा भाग असावयास हवा.

‘मन घट्ट कर’ हा उपदेश आपल्याकडे मायेनेच केला जातो. पण त्याने शल्य निघत नाही, केवळ त्यावर खपली धरते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही निःशुल्क सेवा मराठीतून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक विद्यार्थ्यांच्या हाती असावा, परंतु तेवढ्याने संस्थेची जबाबदारी संपत नाही. सुश्रुतसंहितेने शल्य काढण्यासाठी धैर्य नव्हे, तर यंत्र सांगितले आहे. आजच्या संदर्भात ते यंत्र म्हणजे तासांचा स्पष्ट अंक लिहिलेले व प्रत्यक्ष पाळले जाणारे पाळीपत्रक होय.