थोरोट्रास्ट: शरीरातून बाहेर न पडलेलं औषध

आजची गोष्ट एका औषधाची. टोचताना दुखायचं नाही, मळमळ नाही, आणि एक्स-रे असा सुरेख यायचा की डॉक्टर खूश. नाव थोरोट्रास्ट. १९३० पासून १९५० च्या दशकापर्यंत जगभरात लाखो लोकांना ते दिलं गेलं. त्यातलं बहुतेक त्यांच्या शरीरातून कधी बाहेरच पडलं नाही.

आधी थोडं बेसिक. १८९५ साली राँटजेननी एक्स-रे शोधले. त्यात हाडं छान दिसायला लागली, कारण हाडात कॅल्शियम असतं, अणुक्रमांक २०. साधारणपणे अणू जितका जड, तितका तो एक्स-रे जास्त अडवतो. रक्त, मेंदू, आतडी मात्र कार्बन-ऑक्सिजनसारख्या हलक्या अणूंची, त्यामुळे ती एकमेकांपासून वेगळी ओळखूच येत नाहीत. मग उपाय काय? आत एखादा जड अणू सोडायचा, म्हणजे ती जागा उठून दिसते. हाच कॉन्ट्रास्ट. पोटासाठी बेरियम सल्फेट आलं. विरघळलेलं बेरियम विषारी असतं, पण सल्फेट विरघळतच नाही. आतड्यातून जसंच्या तसं पुढे निघून जातं.

रक्तवाहिन्यांचं काम अवघड होतं. लिस्बनमध्ये एगास मोनिझ हे न्यूरोलॉजिस्ट मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायच्या मागे होते. १९२७ साली सोडियम आयोडाइड वापरून त्यांना ते जमलं. पण आयोडाइडचा त्रास व्हायचा. मग जर्मनीत तयार झालेलं थोरोट्रास्ट हाती आलं आणि १९३१ पासून ते हेच वापरायला लागले.

थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले. थोरियमचा अणुक्रमांक ९०, म्हणजे फोटो झकास. शिवाय हे संयुग सुस्त, रक्तात गेलं तरी कुणाशी भांडत नाही. थोरियम किरणोत्सारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं का? होतं. १९३२ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध समितीने त्याच्या धोक्याबद्दल सावध केलं होतं. पण समोरचा रुग्ण तर टुणटुणीत घरी जात होता. इशाऱ्यापेक्षा तो रुग्ण जास्त खरा वाटला.

आत काय चाललं होतं ते बघा. हे कण किडनीतून गाळून बाहेर पडण्यासारखे नव्हते. बाहेरून आलेला कचरा गिळणाऱ्या पेशींनी ते गिळले आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत साठवून ठेवले. थोरियमचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षं, जवळपास विश्वाच्या वयाएवढा. त्यातून अल्फा कण निघतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, पण तो यकृताच्या आतच सुटला तर सगळी ताकद शेजारच्या पेशींवर काढतो. रोज, वर्षानुवर्षं.

१९४७ साली अमेरिकेत थोरोट्रास्ट घेतलेल्या एका रुग्णाच्या यकृतात रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ कर्करोग सापडल्याची नोंद छापून आली. पुढे जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान अशा देशांत या रुग्णांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. जपानमध्ये त्यांतले कित्येक जण महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. यकृताचे कर्करोग, रक्ताचे कर्करोग, तेही बऱ्याचदा २०-३० वर्षांनी. ज्या डॉक्टरने सुई टोचली, त्याला हे दिसायची शक्यताच कमी होती.

गंमत बघा, आयोडीनचं उलट झालं. ते लगेच त्रास द्यायचं, म्हणूनच सुधारलं. जुन्या आयोडीन कॉन्ट्रास्टचा रेणू पाण्यात दोन विद्युतभारित तुकड्यांत फुटायचा. त्यामुळे द्रावण रक्तापेक्षा कितीतरी पट तीव्र व्हायचं आणि पेशींमधलं पाणी ओढून घ्यायचं. रुग्णाला आग आग व्हायची. स्वीडनमधले रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सुचवलं, की भारच नसलेला, न फुटणारा रेणू बनवा. नॉर्वेच्या नायगार्ड कंपनीने ते मनावर घेतलं. त्यातूनच पुढे आयोहेक्सॉल आलं, जे आजही सीटी स्कॅनला वापरतात. किडनी ठणठणीत असेल तर २४ तासांत ते जवळजवळ सगळं लघवीवाटे निघून जातं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा एकच प्रश्न आहे: आत घातलेलं बाहेर कसं आणि कधी पडणार? एमआरआयच्या गॅडोलिनियमबाबत तो पुन्हा उभा राहिला. सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. २००६ साली लक्षात आलं, की किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा हे दिल्यानंतर दगडासारखी घट्ट होतेय. कॉन्ट्रास्ट शरीरात रेंगाळला की काही प्रकारचे ढिले पिंजरे उघडत होते. २०१७ साली युरोपने असे अनेक प्रकार थांबवले.

म्हणून आई-बाबांना स्कॅनला नेलंत, की फॉर्मवर नुसती सही ठोकू नका. किडनीचा त्रास, दमा, आधी आलेली रिॲक्शन, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, सगळं सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि घाबरून गरजेचा स्कॅन टाळू नका. आजचे कॉन्ट्रास्ट थोरोट्रास्ट नाहीत. आज सुई टोचण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात तो याचसाठी, की बाहेर पडायची वाट उघडी आहे ना.